फुटली म्हणायचं नाय

आमच्या बोळीत काच फुटत नाय. फुटते हो, रोजच फुटते, पण तसं म्हणायचं नाय. रहीमभाईंच्या दुकानात येऊन एखादं गिऱ्हाईक बोललं, "चाचा, काच फुटली," की ते हातातलं काम थांबवून त्याच्याकडं असे बघायचे, जसं काय त्यानं आईवरनं शिवी दिली. मग हळूच म्हणायचे, "वाढली म्हणा, भाऊ. काच वाढली."

त्यांचे वडील मणियार. सायकलला पेटी बांधून फुलंब्रीकडच्या खेड्यापाड्यांत बायकांना बांगड्या भरायचे. भरताना बांगडी तडकली तर फुटली म्हणणं अशुभ, म्हणून वाढली म्हणायचं. आता हे काय एकट्या मणियारांचं नाय, आपल्या सगळ्या आयाबाया तसंच म्हणतात. दुकानसुद्धा संध्याकाळी वाढवतात, बंद करत नाय कुणी. पण रहीमभाईंनी तो शब्द बांगडीवरनं उचलून ट्रकच्या, जीपच्या, रिक्षाच्या काचेला नेऊन चिकटवला. चाळीस वर्षं गाड्यांना काचा बसवल्या त्या माणसानं, पण तोंडातनं एकदा 'फुटली' आलं असेल तर शपथ.

मी रूपा. छावणीत त्यांच्या दुकानाला लागूनच माझं सीटकव्हर शिवायचं दुकान हाय. मधी एक भिंत, ती पण अर्ध्या विटेची. त्यांचं खोकलणं मला ऐकू यायचं आणि माझं गिऱ्हाइकाशी भांडण त्यांना. मला तो 'वाढली' शब्द बिलकूल चालत नाय. माझा नवरा गेला त्या दिवशी चुलतसासूनं माझं मनगट पाट्यावर आपटलं आणि वर म्हणते, वाढव गं बांगड्या. काय वाढलं माझं? रगत आलं तेवढं. म्हणून मी रहीमभाईंना तोंडावर सांगायचे, "फुटली ती फुटली. तिला गोड नाव देऊन काय ती जुळणार हाय का?" ते हसायचे. म्हणायचे, "रूपाबाई, तुमची जबान म्हणजे कैची हाय. माझ्या दुकानात म्यान करून येत जा." त्यांच्या दुकानात म्यान करून जायचे मी. दुसऱ्या कुणासाठी नसतं केलं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पुढं तोंड सरळ झालं, पायही चालायला लागला, पण उजव्या हाताची तीन बोटं राहिली ती राहिलीच. हलायची, वळायची, पण त्यांना कळायचं काहीच नाय. चहाचा ग्लास धरला तर कातडी पोळली तरी पत्ता नाय. ते दोन महिने रहीमभाई घरी बसले होते. मी दर शुक्रवारी जायचे बघायला. खिडकीपाशी खुर्ची, आणि नजर समोरच्या भिंतीवर. बायकोनं, आबेदाभाभींनी, चहा दिला तर 'हां', नाय दिला तरी 'हां'. शेजारपाजारचे म्हणायचे, आराम करतायत. कसला आराम? जिवंत माणूस खुर्चीत ठेवून दिल्यासारखा दिसत होता, मला बघवायचं नाय. दुकान उघडलं त्या दिवशी माणूस परत आला.

पण दिवाळीनंतर एका रिक्षाची काच त्यांच्या हातातनं निसटली आणि पायावर आली. चार टाके पडले. त्या संध्याकाळी आबेदाभाभी दुकानात आल्या आणि माझ्यादेखत म्हणाल्या, "देखो जी, अब एक बार और हात छूटा, तो दुकान की चाबी मेरे हात में. बोलो, कबूल?" रहीमभाईंनी पायाची पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "कबूल." आणि त्यांनी दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्या छावणीला ठाऊक.

झालं. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागंच लागले. सगळी लहान कामं घ्या, अवघड घेऊ नका, मोठी काच आली तर मला हाक मारा. ऐकायचे. दोन महिने नीट गेले. आणि मग जानेवारीत तो इंद्रजीत आला, लाल गाडी घेऊन.

इंद्रजीत शेंद्र्याचा. बापाची जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली आणि पोरगा तिथल्याच एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या कामावर लागला. गाडी परदेशी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकलेली, वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. कुणाच्या तरी गोदामात सडत पडली होती, ती ह्यानं आणली आणि सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं उभी केली. सोसायटीत गवत कापायचं यंत्र चाललं होतं, त्याच्या पात्याखालनं एक खडा उडाला आणि मागची अख्खी काच खाली. ही काच तडकून थांबत नाय, तिचे साबुदाण्याएवढे दाणे होतात.

"चाचा, मागची काच फु..." इंद्रजीत बोलायला लागला.

"वाढली," मीच माझ्या दुकानातनं ओरडले. "वाढली म्हण बाबा, नायतर काम व्हायचं नाय."

तो बिचारा बावरला. "वाढली," म्हणाला. रहीमभाईंनी त्याला प्रेमानं सगळं समजावून सांगितलं. पोरगं हुशार, एकदा सांगितलं की पक्कं. चेष्टेचेष्टेत दोनचारदा घोकून पण घेतलं त्यानं. मला काय माहीत होतं त्याचं पुढं काय होणार हाय.

गाडीच्या काचांच्या मोठमोठ्या दुकानांत तो आधी जाऊन आला होता. ते आजकाल काच चिकटवतात. ही जुनी, रबरात बसवायची, दोरीनं ओढून घ्यायची. कुणी हात लावेना. आणि काच तरी कुठं मिळते? दीड महिना शोधून त्याला कोइमतूरच्या एका भंगारवाल्याकडं सापडली. एकच. तिथं जाऊन, दोन गोधड्यांत गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन आला होता तो. "दुसरी देशात नाय, चाचा," म्हणाला.

मी भिंतीच्या कडेला येऊन खुणावत होते, नको, नको. रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलंच नाय. गोधडी उघडून काचेच्या कडेवरनं डावा हात फिरवला आणि म्हणाले, "बुधवारी सकाळी या."

लई भांडले मी. म्हणाले, "अहो, तुम्हाला कळतं का? ही निसटली तर त्याची काच जाईल आणि तुमचं दुकान जाईल."

ते म्हणाले, "रूपाबाई, किरकोळ कामं करून हात वाचवायचा, तर मग हात कशाला ठेवायचा? मला बघायचंय, मी अजून हाय का संपलो."

मी माझ्या मशीनवर जाऊन बसले आणि एका जीपचं कव्हर उलटं शिवून ठेवलं.

बुधवारी सकाळी दहाला गाडी दुकानासमोर लागली. आणि पाठोपाठ आबेदाभाभी! कुणी सांगितलं कुणास ठाऊक. माझ्या दुकानातली प्लास्टिकची खुर्ची त्यांनीच उचलली, गाडीच्या उघड्या दाराशी ठेवली आणि बसल्या. "मैं खाली बैठती," म्हणाल्या. नुसती बसते म्हणे! भाभी बसल्या होत्या तिथनं गाडीच्या आतलं सगळं सरळ दिसत होतं.

रहीमभाई मात्र शांत. आधी पत्र्याच्या खाचेतले जुन्या काचेचे दाणे काढले. ब्रश मारला, हवा मारली, आणि मग कापसाचा बोळा घेऊन सगळ्या कडेनं फिरवला. बोटांना कळत नाय ना, म्हणून त्यांनी ती युक्ती काढली होती. दाणा राहिला असला की कापूस अडकतो. चार ठिकाणी अडकला. एक दाणा जरी खाली राहिला आणि वरनं दाब पडला, तर नवी काच तिथंच जाते. इंद्रजीत मधीमधी घड्याळ बघत होता, कपाळावर थंडीतही घाम. मी म्हटलं, "काय रे, लग्नाचा मुहूर्त टळतोय का तुझा?" हसला नाय.

मग रबर. थंडीनं कडक झालेलं. चहावाल्याकडनं गरम पाण्याचं पातेलं आणलं, त्यात ते मऊ केलं आणि काचेच्या भोवतीनं चढवलं. रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी बसवली, तिची दोन्ही टोकं खाली मधोमध सोडली. साबणाचं पाणी लावलं. आता काम असं की बाहेरनं दोघांनी काच तळहातानं दाबून धरायची, आणि आतल्यानं दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची आतली कड पत्र्यावर चढत जाते. दोरी मधीच सैल पडली तर चढलेली कड परत उतरते, काच तिरकी होते. तिरक्या काचेवर दाब पडला आणि तिची धार पत्र्याला टेकली, की संपलं. ही काच मधी ठोसा मारला तरी सोसते, धारेला टिचकी सोसत नाय.

रहीमभाई मागच्या अरुंद जागेत वाकडेतिकडे होऊन शिरले. उजवीकडं मी, डावीकडं इंद्रजीत. "दाबा," ते आतनं म्हणाले. "दोघं सारखं. मी सांगितल्याबिगर कुणी हात काढायचा नाय, आणि जोर पण वाढवायचा नाय."

इंद्रजीतकडची बाजू आधी झाली. झकास झाली. दोरी करकर वाजत यायची आणि रबर पत्र्यावर चढायचं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. मग रहीमभाईंनी अंग वळवलं. बसलेली कड डाव्या हातानं आतनं धरून ठेवली, दुसरं टोक उजव्या हातात घेतलं. दुसरा इलाज नव्हता, त्या जागेत हात बदलायला वावच नव्हता. मी काचेतनं त्यांच्या मुठीकडं बघत होते. माझ्या डोळ्यापासनं वीतभर अंतरावर ती मूठ होती.

खालची कड चढली. कोपरा चढला. कोपरा चढला म्हणजे निम्मी लढाई जिंकली. मी मनात म्हटलं, देवा, आता एवढी दोन हात दोरी निघू दे, मी शनिवारी नारळ फोडते.

आणि मला दिसलं. दोरी साबणानं भिजलेली, ती मुठीतनं सरकली. रहीमभाईंची मूठ ओढतच होती. ओढत ओढत छातीपर्यंत आली, घट्ट आवळलेली, शिरा फुगलेली. आणि दोरी मागंच राहिली, रबराला लोंबत. त्यांना पत्ताच नव्हता! रिकामी मूठ ओढत होते ते.

चढलेलं रबर सुटलं. काच माझ्या हाताखाली हलली. वर फट पडायला लागली आणि इंद्रजीत जिवाच्या आकांतानं ओरडला, "वाढली! चाचा, वाढली! वाढली!"

त्याला म्हणायचं होतं, फट वाढली. दुसरं काय म्हणणार होता तो? पण आत बसलेल्या माणसानं साठ वर्षांत काचेबाबत त्या शब्दाचा एकच अर्थ ऐकला होता. रहीमभाईंनी दोन्ही हात सोडले, डोक्यावर घेतले, डोळे गच्च मिटले आणि दाणे अंगावर पडायची वाट बघत तसेच आकसून बसले.

आतनं कुणीच धरलेलं नाय. काच पुरती तिरकी. तिचा भार माझ्या तळहातांवर आला, खालची धार पत्र्यापासनं किती लांब हाय ते दिसेना. दाबावं तर जाईल, सोडावं तर पडेल. आणि हे येडं पोरगं "वाढली, वाढली" करतंय अजून!

"गप रे!" मी किंचाळले. "हात तसाच ठेव! रहीमभाई, डोळे उघडा! फुटली नाय! ऐकलं का? काच फुटली नाय, फट पडलीय! फुटली नाय, फुटली नाय, धरा ती दोरी!"

चाळीस वर्षांत त्या दुकानापुढं तो शब्द एवढ्या मोठ्यानं कुणी बोललं नसेल, आणि तो पण तीनचारदा. चहावाला भांडं घेऊन तसाच उभा राहिला. रहीमभाईंनी डोळे उघडले. आधी काचेकडं बघितलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडं. मग लोंबणाऱ्या दोरीकडं. मला वाटतं त्या वेळी त्यांना सगळं कळलं.

पण माणूस कारागीर. डाव्या हातानं कड धरली, दोरी दातांत पकडली, उजव्या मनगटाला तिचे तीन वेढे दिले आणि बोटांचा नाद सोडून अख्ख्या हातानं, खांद्यानं ओढायला लागले. "रूपाबाई, खालनं एक बोटभर उचला. इंद्रजीत, तुम्ही दाबा. हळू. अजून हळू." दोरी मनगटात रुतत होती. रबर चढलं, कोपऱ्यावरनं वळलं, वरच्या कडेला गेलं. शेवटचं टोक टक् करून निघालं आणि काच अशी बसली की मधनं सुई जायची नाय.

इंद्रजीत रस्त्यावरच बसला. रडत होता आणि हसत होता. "माझी चूक झाली, काकू," तो आबेदाभाभींना सांगत होता. "मी तो शब्द बोललो म्हणून चाचा घाबरले, म्हणून दोरी सोडली त्यांनी. त्यांची काहीच चूक नाय."

रहीमभाई गाडीतनं बाहेर आले. मनगटावर दोरीचे लाल वळ. भाभी खुर्चीतनं उठल्या नाय. त्यांनी नवऱ्याला काही विचारलं नाय, माझ्याकडं बघितलं. "रूपा, तू सामने थी. हात छूटा क्या इनका? या ये लड़का चिल्लाया, इसलिए छोड़े?"

मी खोटं बोलत नाय. गिऱ्हाइकाला कापड हलकं असलं तर हलकं म्हणून सांगते, त्यापायी दोन गिऱ्हाइकं गेली तरी सांगते. पण मला ती खिडकीजवळची खुर्ची दिसली, आणि तो 'हां'.

"नाय भाभी," मी म्हटलं. "हात बिलकूल सुटला नाय. हा मेला ओरडला म्हणून सोडली. माझ्या नवऱ्याची शपथ."

मेलेल्या माणसाची शपथ खाल्ली मी, धडधडीत. भाभींनी मान हलवली. "ठीक है," म्हणाल्या आणि पदर सावरून उठायला लागल्या. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! झालं, सुटलो, असं वाटलं.

"रूपाबाई खोटं बोलतात," रहीमभाई म्हणाले.

ते फडक्याला हात पुसत होते. एकेक बोट वेगळं धरून पुसत होते. "हात आधी सुटला, आबेदा. हा पोरगा नंतर ओरडला." खिशातनं चावी काढली, तिच्यावर साबण लागला होता तो फडक्यानं पुसला आणि परत खुर्चीत टेकलेल्या भाभींच्या मांडीवर चावी ठेवली.

असा संताप आला मला! म्हटलं, "तुम्हाला गप बसवत नाय का एक दिवस? मी कुणासाठी शपथ खाल्ली? काच बसली ना? झालं ना काम? मग?"

बोलल्या त्या आबेदाभाभी. चावी मांडीवरच होती, त्यांनी हात लावला नव्हता. दिवाळीपासनं हीच चावी मागत होत्या त्या, आणि आता त्यांच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं.

"मैं देखी थी," त्या म्हणाल्या. "मैं यहीं बैठी थी, मेरेकू दिखा नहीं क्या? मुट्ठी खाली थी. फिर भी मैं रूपा को पूछी, कि वो 'नहीं' बोलेगी, और मैं चुपचाप घर चली जाऊँगी. मैं चुप थी, रूपा चुप थी. तुमकू चुप रहने को क्या होता था जी?"

रहीमभाई त्यांच्यासमोर खाली बसले, रस्त्यावरच, गाडीच्या चाकाला टेकून. उजवा हात त्यांनी पुढं केला आणि भाभींच्या हातावर ठेवला.

"दोरी सुटली ते सांगायला मी लाजत नाय, आबेदा," ते म्हणाले. "पण मी ओढत होतो गं. हातात काहीच नव्हतं, आणि मी ओढत होतो."